४०७ चा सेल्फ घेत नव्हता: देवगडातल्या कामाच्या नोंदी

गाडी टाटा ४०७, म्हणजे छोटा ट्रक, २०११ ची, मी जुनी घेतलेली. चार सिलिंडर डिझेल, १२ व्होल्टची, इंजिन बंद करायला ओढायचा स्टॉप आहे ती. मासेमारी चालू असते तोवर देवगड जेटीवरून मासळी, मार्चपासून त्यातच आंब्याच्या पेट्या, आणि मधे गाडी रिकामी असली तर चिरे, म्हणजे जांभा दगड. म्हणजे खारं पाणी आणि तांबडी धूळ दोन्ही गाडीच्या पाचवीला पुजलेलं. स्टार्टर मोटरला आमच्याकडे सगळे सेल्फच म्हणतात, मी पण तेच लिहितो. त्रास चालू असताना मोबाईलमधे रोजचं लिहून ठेवलं होतं, ते तारखेप्रमाणे लावलंय. चुका तशाच ठेवल्यात, कारण माझे जास्त पैसे त्या चुकांमधेच गेले आणि दुसऱ्या कोणाचे तरी वाचावेत.

१४ फेब्रुवारी

पहाटे चार, जेटी. बांगड्याचे क्रेट भरले, वर बर्फ टाकला, ताडपत्री बांधली, चावी मारली तर नुसतं टक. एकच टक आणि मग शांत. डॅशबोर्डचे दिवे त्या टक बरोबर एकदम मंद झाले आणि सोडल्यावर परत आले. पाच-सहा वेळा केल्यावर इंजिन जड जड फिरलं आणि लागलं. थंडीमुळे असेल असं धरलं आणि निघालो, फोंडा घाटातून राधानगरी करून कोल्हापूर. तिथे माल उतरेपर्यंत भीतीने इंजिन बंदच केलं नाही, अडीच तास चालू ठेवलं.

१९ फेब्रुवारी

आज टक-टक-टक-टक असं सलग वाजायला लागलं. जेटीवर चार माणसं जमली आणि चौघांचं एकच मत, "बॅटरी गेली रे तुजी, बदलून टाक." मला पण तसंच वाटलं. जुनी देऊन नवी १०० अँपिअर-अवरची घेतली, ८,२०० रुपये. गाडी पहिल्या चावीत लागली. वाटलं मिटलं.

मिटलं नव्हतं. जुनी बॅटरी दुकानात ठेवूनच आलो, ती घनता काट्याने एकदा तपासून घेतली पाहिजे होती. भरलेल्या बॅटरीचं पाणी १.२६ ते १.२८ दाखवतं, पाच मिनिटांचं काम होतं. नव्या बॅटरीत जोर थोडा जास्त असतो त्यामुळे वायरीतली खोट चार-पाच दिवस झाकली जाते, आणि आपल्याला वाटतं की बॅटरीच होती.

२४ फेब्रुवारी

परत टक. यावेळी तळेबाजारात, भर बाजारात, माझ्या मागे एसटी उभी. चौघांनी धक्का मारून दिला. तेव्हापासून उतार बघून गाडी लावायची सवय लागली, आणि कोकणात उतार मिळतो म्हणून माणूस असे महिनेच्या महिने काढतो. मी काढले नाहीत कारण आंबा तोंडावर आला होता, बागेत सगळीकडे उतार नसतो.

संध्याकाळी घरी मल्टिमीटर लावला. बीपवर ठेवून (वायर जोडलेली असली की मीटर वाजतो) बॅटरीच्या निगेटिव्हपासून चासीपर्यंत बघितलं, बीप वाजली. चासीपासून इंजिनपर्यंत, बीप. पॉझिटिव्हपासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत, बीप. म्हणून मी मोबाईलमधे लिहिलं 'वायरी ओके'. या एका ओळीमुळे पुढचा सगळा घोळ झाला.

दुसरी गोष्ट, पान्याने सेल्फच्या बॉडीवर दोन ठोके मारले आणि चावी मारली तर लगेच फिरला. ही ब्रश, म्हणजे सेल्फच्या आतला कार्बनचा तुकडा, अडकत असल्याची खूण असते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ठोक्याने अडकलेला ब्रश सुटून परत कम्युटेटरवर, म्हणजे ज्या फिरत्या तांब्याच्या भागाला तो करंट देतो त्यावर, बसतो. मी फक्त खूश झालो आणि पाना सीटखाली ठेवून दिला.

२७ फेब्रुवारी

एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने आवाज ऐकूनच सांगितलं की सोलेनॉइड, म्हणजे चावी मारल्यावर सेल्फला करंट जोडून देणारा स्विच, गेलाय. मीटर लावला नाही, आणि मी पण लाव म्हटलं नाही. नवा सोलेनॉइड १,४५०, मजुरी ३००. गाडी तिथे लागली, घरी आल्यावर परत तेच.

जुना सोलेनॉइड मी मागून घेतला होता, रात्री खोलून बघितला. आतल्या तांब्याच्या चकतीवर थोडे डाग, बाकी चकती जाड, बोल्टांची डोकी पण बरी. अशी चकती उलटी करून बसवली की परत तेवढीच चालते. म्हणजे १,७५० रुपये चांगली वस्तू बदलायला गेले. जुना साफ करून स्पेअर म्हणून ठेवलाय.

२ मार्च

हा दिवस महत्त्वाचा, म्हणून सविस्तर लिहितो.

जेटीवर तात्या आहेत, आयुष्यभर ट्रॉलरची इंजिनं केलेला माणूस. त्यांना म्हटलं, "तात्यानू, बॅटरी बदलली, सोलेनॉइड बदललो, तरी सेल्फ घेणा नाय." ते म्हणाले, "बॅटरीक कित्या दोष देतस? वायरीक विचार आधी." मी म्हटलं वायरी तपासल्या, बीप वाजते. त्यावर तात्या जे बोलले ते मी तसंच लिहून ठेवलंय, "बीप वाजता म्हणान वायर बरी आसा असा नाय. एक तार शाबूत रवली तरी बीप वाजतली. सेल्फ मारताना मोज."

आणि मग त्यांनी मोजायला शिकवलं. स्टॉप ओढून ठेवायचा म्हणजे इंजिन लागणार नाही, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक, मागच्या टायरला चिरा लावायचा. पुतण्या आत बसला, "काका, मारू?" म्हणून विचारायचा आणि मी हो म्हटलं की चार-पाच सेकंद चावी मारायचा. जास्त वेळ मारायची नाही आणि दोन वेळांमधे सेल्फला दम खाऊ द्यायचा. मीटर डीसी २० व्होल्टवर.

चावी न मारता बॅटरी १२.७. चावी मारताना बॅटरीच्या खुंटांवरच ११.१. इथे ९.६ च्या खाली गेलं असतं तर बॅटरीवर संशय, पण ११.१ म्हणजे बॅटरी काम करत होती. मग मीटरची एक पिन सेल्फच्या मोठ्या बोल्टवर आणि दुसरी सेल्फच्या बॉडीवर धरली, चावी मारली, ८.४. बॅटरी ११.१ देतेय आणि सेल्फला ८.४ मिळतंय, मधले २.७ व्होल्ट वाटेत कुठेतरी जात होते.

कुठे जातात ते शोधायला पिना वायरीच्या दोन टोकांना लावायच्या. सगळं ठीक असेल तर जवळजवळ शून्य दिसतं. बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटापासून सेल्फच्या बोल्टपर्यंत ०.४, हे चालतं, अर्ध्या व्होल्टपर्यंत सोडून द्यायचं. बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटापासून सेल्फच्या बॉडीपर्यंत २.३. हे ०.३ च्या वर जाऊ नये. मी तीन वेळा परत मोजलं, दर वेळी २.३ च्या आसपासच.

मग त्याचेही दोन तुकडे केले. निगेटिव्ह खुंट ते चासीचा बोल्ट १.५, चासी ते इंजिन ०.८. दोन्ही अर्थ, म्हणजे अर्थिंगच्या वायरी, खराब होत्या. आणि दिवे का मंद व्हायचे ते पण इथे कळलं, कारण दिव्यांची अर्थ त्याच चासीतून त्याच बोल्टावरून परत बॅटरीला जाते.

बीप का फसवते तर असं बघा, सेल्फ अडीचशे अँपिअर घेत असेल आणि वायरीत २.३ व्होल्ट पडत असतील तर त्या वायरीचा विरोध ओहमच्या शंभराव्या भागाहूनही कमी निघतो. साध्या मीटरला एवढं दिसतच नाही, त्याच्या स्वतःच्या पिनांचा विरोध याहून जास्त असतो. बीपसाठी थेंबभर करंट लागतो आणि तेवढा एका तारेतून पण जातो. सेल्फला नदी लागते.

एक सांगायचं राहिलं, पिन वायरीच्या क्लॅम्पवर न धरता बॅटरीच्या शिशाच्या खुंटावरच धरा. क्लॅम्प आणि खुंट यांच्यामधेच खोट असेल तर ती नाहीतर मोजलीच जाणार नाही.

३ मार्च

निगेटिव्ह वायर काढली. वरून काळं रबर एकदम चांगलं, कुठे चीर नाही. थिंबलपासून, म्हणजे वायरीच्या टोकाला बोल्टसाठी दाबलेल्या धातूच्या तुकड्यापासून, चार बोटांवर कापली तर आतून हिरवी पूड गळाली, तारा बोटात धरल्या तर तुटून आल्या, बिस्किटासारख्या. अजून वीतभर पुढे कापली, तिथे हिरवं नव्हतं पण तारा काळ्या पडलेल्या. खारं पाणी थिंबलच्या तोंडातून शिरतं आणि रबराच्या आत तारांमधून वर वर चढत जातं, बाहेरून काही कळत नाही. चासीच्या बोल्टखाली तर मागच्या रंगकामाचा रंग, त्यावर गंज आणि त्यावर चिऱ्याची तांबडी माती, असे थर होते. इंजिनाची विणलेली पट्टी हातात घेतली तर अर्ध्या तारा नव्हत्याच.

नवी वायर कोणती घ्यायची यावर तात्या ठाम होते, "बोटीर साधी वायर घालूची नाय, कलय केलली घालूची." म्हणजे आतल्या प्रत्येक तारेला कथलाचा मुलामा असलेली. बोटीच्या सामानातूनच ५० स्क्वेअर एमएमची अशी वायर मिळाली. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक लांब वायर सरळ इंजिनला, सेल्फच्या जवळच्या बोल्टावर आणली, अडीच मीटर. दुसरी छोटी, निगेटिव्हपासून चासीला. त्यामुळे आता सेल्फचा करंट चासीच्या भरवशावर नाही. थिंबल हायड्रॉलिक प्रेसने दाबून घेतले, हातोडीने ठोकलेले नकोत, आणि तोंडावर गोंदवाली हीट श्रिंक ट्यूब. वायर, थिंबल, ट्यूब, दाबून घेणं सगळं मिळून २,४५०.

बोल्ट बसेल तेवढी जागा घासून पांढरं लोखंड काढलं, दात्यांची वायसर घातली, घट्ट केलं आणि मग वरून ग्रीस थापलं. रंग लावायचा तो घट्ट केल्यावर, आधी नाही.

मोजलं. निगेटिव्ह बाजूला ०.३. सेल्फला १०.२. आणि बॅटरीच्या खुंटांवर १०.९, म्हणजे आधीपेक्षा कमी, याने मी घाबरलो होतो. पण ते बरोबर आहे, वाट मोकळी झाल्यावर सेल्फ पाहिजे तेवढा करंट ओढतो म्हणून बॅटरी थोडी जास्त दबते. इंजिन असं फिरलं की पुतण्याने चावी लगेच सोडली, त्याला वाटलं गाडी लागली.

१२ मार्च

नऊ दिवस उत्तम. आज कुणकेश्वरकडच्या बागेतून पेट्या भरल्या, इंजिन गरम होतं, चावी मारली तर घर्र... घर्र... असा ओढून ओढून फिरला आणि सेल्फपासून जळका वास आला. अर्ध्या तासाने गार झाल्यावर लागला. गरम झाल्यावर नाही आणि गार असताना लागतो, हे आधीच्या त्रासापेक्षा वेगळं होतं.

घरी येऊन लगेच मोजलं, गरम इंजिनावरच. पॉझिटिव्ह बाजू ०.५, निगेटिव्ह ०.३, दोन्ही मर्यादेत. पण बॅटरीच्या खुंटांवर ९.४ आणि सेल्फला ८.६. बॅटरीचं पाणी १.२६५, म्हणजे बॅटरी भरलेली. वायरीत पडझड नाही आणि तरी बॅटरी एवढी दबते याचा अर्थ सेल्फ प्रमाणाबाहेर करंट खातोय. फॅनला हात लावून इंजिन जाम आहे का बघितलं, तसं नव्हतं. म्हणजे आता सेल्फ उतरवायला पर्याय नाही. मागच्या वेळी मोजायला शिकलो नसतो तर मी आज परत बॅटरीच्या दुकानात गेलो असतो.

१३ मार्च

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. हे विसरू नका, सेल्फच्या बोल्टला बॅटरी कायम जोडलेली असते आणि पाना बॉडीला टेकला की पाना लाल होतो.

खालचा बोल्ट सुटला. वरचा हाताला लागतो पण डोळ्याला दिसत नाही, आणि त्याला मिठाचा गंज चढलेला. लांब पाइप लावून जोर केला तर पाना घसरला आणि बोटांच्या सांध्यांची साल निघाली. जोर थांबवला. गंजाचा स्प्रे, २८० रुपये, दर तासाला मारला आणि रात्रभर ठेवला. जबरदस्तीने डोकं तुटलं असतं तर गिअरबॉक्स उतरवावा लागला असता.

१४ मार्च

सकाळी बोल्ट कुरकुरत सुटला. सेल्फ वजनदार असतो, उताणं झोपून एकट्याने काढताना छातीवर येतो, पुतण्याला वरून धरायला लावला.

त्या भोकातून टॉर्च घेऊन फ्लायव्हीलची रिंग, म्हणजे सेल्फ इंजिनाचं जे दातेरी चाक फिरवतो ते, बघितली. इंजिन हाताने फिरवत पूर्ण फेरा बघा. चार सिलिंडरच्या इंजिनात बंद होताना इंजिन दर वेळी साधारण त्याच दोन जागांवर थांबतं, त्यामुळे रिंगचे दात समोरासमोरच्या दोन जागी जास्त झिजतात, एका जागी चांगले दिसले म्हणून सोडू नये. माझ्या रिंगला एका जागी पाच-सहा दात कडेला खाल्लेले, पण खोल नाही. ठेवले.

सेल्फ खोलला. मागचं झाकण काढल्यावर काळी कार्बनची पूड आणि त्यात पांढरे खडे, मीठच. चारपैकी दोन ब्रश निम्म्याहून कमी उरलेले. तिसरा होल्डरमधे असा घट्ट बसला होता की स्प्रिंग दाबत होती पण ब्रश हलत नव्हता, नखाने ढकलला तेव्हा कट्ट करून सुटला. फेब्रुवारीत पान्याचे ठोके मारून मी यालाच हलवत होतो. कम्युटेटर काळा.

खरी गोष्ट पुढच्या बाजूला होती. बेंडिक्स म्हणजे सेल्फचं रिंगमधे अडकणारं दातेरी चाक, त्याच्या बाजूचा ब्राँझचा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) झिजून लांबट झालेला, शाफ्ट बोटाने वर-खाली हलत होता. आर्मेचरवर, म्हणजे सेल्फच्या आत फिरणाऱ्या भागावर, एका बाजूला चकचकीत पट्टा आणि त्याच्याभोवतीच्या स्थिर फील्डच्या पोलवर त्याच उंचीला तसाच पट्टा. बुश झिजल्याने आर्मेचर फिरताना पोलला घासत होतं, गरम झाल्यावर जास्त. त्यामुळे तो एवढा करंट खात होता. बेंडिक्स हाताने फिरवून बघितला, एका बाजूला मोकळा आणि दुसऱ्या बाजूला लगेच पकडतो, म्हणजे चांगला.

इथे दोन चुका केल्या. झाकण आणि बॉडीवर खूण न करता खोललं. आणि शाफ्टवरची पातळ वायसर कधी पडली ते कळलंच नाही, खाली मासळीच्या क्रेटवर काम करत होतो. पांढरं कापड अंथरून खोलायला पाहिजे होतं.

१५ मार्च

कणकवलीला लेथवाल्याकडे, एसटीने, पिशवीत आर्मेचर आणि पुढचं झाकण घेऊन. त्याने आधी आर्मेचर ग्रोलर नावाच्या तपासायच्या यंत्रावर ठेवलं आणि वरून हॅक्सॉचं ब्लेड धरून फिरवलं. आत शॉर्ट असेल तर त्या जागी ब्लेड थरथरतं. सगळा फेरा झाला, म्हणाला, "ब्लेड नाचला नाय, आर्मेचर ठणठणीत आसा." मग बल्ब लावून कम्युटेटर आणि शाफ्ट यांच्यात अर्थ आहे का बघितलं, नव्हती. कम्युटेटरवर हलका कट मारला, फक्त काळेपणा जाईपर्यंत, आणि तांब्याच्या पट्ट्यांमधला मायका खरवडून खाली घेतला. मायका वर राहिला तर ब्रश त्याच्यावर उड्या मारतो आणि ठिणग्या पडतात. लेथ २५०, बुशचा सेट १८०, तिथेच दाबून बसवले. बुश बसवण्याआधी तेलात बुडवून ठेवतात, त्याचा धातू सच्छिद्र असतो आणि तेल पितो, मी आदल्या रात्री आणून इंजिन ऑइलमधे ठेवले असते तर कणकवलीत तासभर बसावं लागलं नसतं.

ब्रशचा सेट ३२०. घरी येऊन डाखायला घेतले आणि इथे वाट लागली. माझी रेडिओवाली बारीक सोल्डर गन, फील्डची तांब्याची पट्टी जाड, ती सगळी उष्णता पिऊन टाकते. डाख धरेना म्हणून मी गन धरूनच ठेवली, तर कथील वितळून ब्रशच्या विणलेल्या शेपटीत वर चढलं आणि शेपटी तारेसारखी कडक झाली. कडक शेपटीचा ब्रश होल्डरमधे सरकत नाही, म्हणजे नवा घालून परत तोच आजार. दोन ब्रश फुकट, दुसरा सेट आणला, आणखी ३२०. दुसऱ्या वेळी भांड्यांना डाख देणाऱ्याचा जाड तांब्याचा खिळा गॅसवर तापवून वापरला, आणि शेपटी जोडाच्या वर पक्कडीत धरली म्हणजे उष्णता पक्कड घेते आणि कथील वर जात नाही. दहा सेकंदात एक जोड.

१६ मार्च

जोडला, व्हाइसमधे धरून जंपरने फिरवला, छान शिटीसारखा आवाज. व्हाइसमधे घट्ट धरा, चालू होताना हातातून उडतो. गाडीवर चढवला, लागली, पण सोडताना क्र्र्र असा आवाज. परत मारली, परत क्र्र्र. ती हरवलेली वायसर. ती नसल्यामुळे आर्मेचर मागे-पुढे सरकत होतं. तशीच चालवली असती तर रिंग खाल्ली असती. परत उतरवला, तीन तास. तशीच वायसर जुन्या सेल्फांच्या भंगारातून शोधून घेतली, पैसे घेतले नाहीत. संध्याकाळी सातला बसवला, आवाज नाही.

बेंडिक्सच्या आट्यांवर ग्रीस बोटाला लागेल एवढंच लावलं. जास्त लावलं की चिऱ्याची धूळ त्याला चिकटते आणि गंधासारखा लेप होतो.

१८ मार्च

सेल्फच्या आत मीठ आलं कुठून, हे मला सोडायचं नव्हतं, नाहीतर वर्षभराने परत हेच. गाडी जॅकवर घेऊन बेल हाउसिंगच्या, म्हणजे फ्लायव्हील आणि क्लचवरच्या कवचाच्या, खाली बघितलं तर खालचं पत्र्याचं झाकणच नाही. मी गाडी घेतल्यावर एकदा क्लच केला होता, तेव्हा ते परत लागलं नाही आणि मी बघितलं नाही. भरतीला जेटीच्या उतारावर पाणी असतं, चाकाने उडालेलं सगळं सरळ आत. पत्रा कापून झाकण करून घेतलं, ३५०.

आणि बॅटरीची अर्थ एवढी का सडली ते बाजूला बसून बघितल्यावर कळलं. बर्फ वितळून मासळीचं पाणी हौद्याच्या पुढच्या भोकातून पडतं आणि ती धार बरोबर बॅटरीच्या पेटीवर आणि त्या चासीच्या बोल्टावर येते. इतकी वर्षं रोज. भोकाला रबरी पाइप लावून मागच्या टायरच्या पुढे सोडला, १४० रुपये. या एका पाइपासाठी मी ही सगळी नोंद लिहितोय असं म्हटलं तरी चालेल. मासळी वाहणाऱ्यांनी गाडीखाली वाकून ही धार कुठे पडते ते आजच बघा.

६ एप्रिल

वीस दिवस झाले, गरम-गार दोन्हीत पहिल्या चावीत लागते. मोजलं, बॅटरी १०.९, सेल्फला १०.१, पॉझिटिव्ह ०.५, निगेटिव्ह ०.३.

हिशोब. बॅटरी ८,२००, सोलेनॉइड मजुरीसकट १,७५०, वायरी २,४५०, लेथ २५०, बुश १८०, ब्रश दोनदा ६४०, स्प्रे २८०, पत्रा ३५०, पाइप १४०, एसटी आणि किरकोळ २००. एकूण १४,४४०. यातले बॅटरी, सोलेनॉइड आणि वाया गेलेला ब्रश सेट मिळून १०,२७० लागलेच नसते. मार्चात गाडी चार दिवस उभी, दोन भाडी गेली, त्यात एक आंब्याचं. ज्याची बाग होती त्याने पेट्या दुसऱ्या गाडीत भरल्या, आणि मला ते लागलं, कारण तो दर वर्षी मलाच बोलावतो.

२१ मे

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, जेटीचं काम नाही, गाडी पावसात उभी राहणार. पॉझिटिव्ह बाजू ०.५ ला टेकलेली होती, तेव्हा ती वायर पण आत्ताच बदलली, तीच कथलाची, १,९०० रुपये. जुनी कापून बघितली. सेल्फच्या बाजूला तारा लाल, चकचकीत. बॅटरीच्या बाजूला थिंबलपासून तीन बोटं हिरवी. नव्या वायरीवर ०.२.

कापलेले दोन्ही तुकडे जेटीवर नेऊन तात्यांच्या हातात दिले. त्यांनी हिरव्या टोकाला अंगठा लावून पूड काढली, वास घेतला, आणि म्हणाले, "बांगड्याचा पाणी."

पावसात गाडी उभी असेल तोवर निगेटिव्ह काढून ठेवणार आहे, आणि जुना सोलेनॉइड चकती उलटी करून जोडून बघायचाय.